वार

दिवस भरत आले की त्या डोंगर उतरून येतात,
कुणी घोड्यावर, कुणी बटाट्याच्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून.
आरोग्यकेंद्राच्या मागे सरकारनं त्यांच्यासाठी घर बांधलंय:
तीन खोल्या, सहा खाटा, भिंतीवर हसऱ्या बाळाचं पोस्टर,
आणि एक मातीची चूल, जी अंदाजपत्रकात नव्हती.
गॅसवरचं अंगी लागत नाही, असं म्हणून त्यांनीच ती घातली.
बिलावर मी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती.

सातुर्निना आली चोवीस दिवस आधी.
सोबत नवरा, फोर्तुनातो, आणि त्याच्या टोपलीत चार गिनीपिग.
"हिच्याबरोबर हेही राहतील," तो म्हणाला,
जणू भाडं ठरवूनच आला होता.
प्राण्यांना मनाई, असं नियमावलीत स्पष्ट आहे.
खाटेखाली वाकून बघावं, असं कुठेही नाही.

मी किनाऱ्यावरची. समुद्राच्या गावची.
इथल्या थंडीत माझी केचुआ अजून दातांवर आपटते.
पहिल्या वर्षी कळा देणाऱ्या बाईला "जोर लाव" म्हणायचं,
ते "जोरात रड" म्हणत होते म्हणे मी.
त्या बिचाऱ्या रडायच्याही.

कार्ड भरताना विचारावं लागतं: इथे येण्याचं कारण?
"बोलावलंत म्हणून," सातुर्निना म्हणाली. मी तेच लिहिलं.
खरं कारण तिनं नवव्या दिवशी सांगितलं, बटाटे सोलताना,
सालीवरची नजर न काढता:
"मागच्या खेपेला खिंडीतच उजाडलं.
उजाडलं तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि हा.
निघालो होतो तिघं."
साल तुटू दिली नाही तिनं.
कार्डावरचा रकाना केव्हाच भरला होता.
मी खोडलं नाही.

प्रसूतीच्या खोलीत तुळईला दोर टांगलाय.
यादीत त्याचं नाव उपकरण क्रमांक चौदा.
ती दोर धरून उकिडवी, मागून फोर्तुनातोची मिठी,
आणि मी खाली, चटईवर, गुडघे टेकून,
कॉलेजात जिला आडवं झोपवायला शिकले, तिच्या पायाशी.
पहाटे साडेचारला मुलगी. तीन किलो शंभर.
रडली. कुणी सांगावं लागलं नाही.

दिवा जवळ घेऊन मी फॉर्म पुढे ओढला.
आईचं नाव. बाळाचं लिंग. वेळ. तारीख.
"आणि वार?" सातुर्निनानं विचारलं.
"गुरुवार," मी म्हणाले.
"तो नव्हे. ती."

ती स्टीलच्या ट्रेमध्ये होती, गरम, जांभळी,
झाडासारखी फांद्या फुटलेली.
आम्हाला शिकवलं होतं: अख्खी पडली का ते बघा,
मग लाल पिशवी, मग भट्टी.
पाच वर्षं मी भट्टीच पेटवली.
किती जणी खालमानेनं गेल्या असतील इथून,
पाठीशी बाळ, आणि त्याच्याही मागे धूर.
मी त्याला स्वच्छता म्हणत होते.

आता परिपत्रक आलंय. मागितल्यास द्यावी.
मागितल्यास. राजधानीत कुणी घातला असेल हा शब्द?
मागायला आधी भाषा लागते.

फोर्तुनातोनं ती धुतली, तीन पाण्यांनी,
बाळाला धुवावं तशी. कोकाची पानं घातली, फडकं बांधलं.
घरी नेऊन चुलीजवळ पुरायची; नाहीतर मुलीला
मोठेपणी परतीची वाट सापडत नाही.
पोचपावतीवर अंगठा हवा होता.
त्याचा हात ओला. ठसा फिसकटला.
फिसकटलेलाच पाठवला मी जिल्ह्याला.

शनिवारी गेले ते. लशीच्या तारखा मी दोनदा सांगितल्या,
तिनं तीनदा म्हणून दाखवल्या, माझ्या उच्चारांना हसत.
ट्रक वळणाआड गेल्यावर मी चादर बदलायला आत आले.

रजिस्टर: खाटा सहा. भरलेल्या चार.
खाटेखाली एक, मिशा हलवत.
राहून गेला की ठेवून गेले,
विचारायला आता दोन महिने थांबायचं,
लशीच्या वारापर्यंत.