डावीकडचा माइक

शिंदखेड्याच्या बाजार समितीत कपाशीचे ढीग सरकवून
व्यासपीठ उभं केलं. मला डावीकडचा माइक.
"साहेब हिंदीत एक वाक्य बोलतील,
तेवढंच तुम्ही अहिराणीत सांगायचं.
पदरचं काही घालू नका, मास्तर."
नाही घालणार, म्हणालो.

आधी देश, मग जग, असा क्रम होता.
रस्ते, धान्य, वीज, हे सोपं गेलं.
कोटीला बोलीत वेगळं रूप नसतं,
मोजता मात्र समोर कुणाला येत नव्हतं,
मलाही.

मग सीमा आली.
आम्ही कुणाची भूमी मागत नाही,
पण आमची एक इंचही देणार नाही.
इंचाचं काय करू? तोंडातून गेलं:
"ईतभर बांध बी देवाव नही."
मैदान हसलं, मग टाळ्या. कारण तिसऱ्या रांगेत
उखर्डू आणि सुकलाल, सख्खे चुलतभाऊ,
एकोणीस वर्षं दिवाणीत, बांधापायी,
तोंडं फिरवून शेजारी शेजारी बसलेले.
साहेबांनी हात उंचावून टाळ्या घेतल्या.

"सामरिक संयम" इथं अडलो.
आमच्यात सोसण्याला शब्द नाहीत असं नाही,
सासुरवाशिणीसाठी एक आहे, बैलासाठी एक.
राष्ट्रासाठी सापडेना.
बैलाचा वापरला.

तेवढ्यात बायांतून एक म्हातारी उठली, आणि मलाच:
"भाऊ, नयले पानी कव्हय येई?"
तिच्या लेखी बोलत तर मीच होतो.
तिचं वाक्य हिंदीत न्यायला किती वेळ लागला असता?
पण उलट्या दिशेचं काही ठरलं नव्हतं.
साहेब समुद्रावर पोचले होते,
जलमार्ग सगळ्यांना मोकळे राहतील म्हणत होते.
मी ते जसंच्या तसं सांगितलं.
म्हातारी मान डोलावून खाली बसली.

पेपरात उजवीकडचं भाषण आलं, चौकटीत, फोटोसकट.
डावीकडचं गावातच राहिलं.
गिरणीत दळण ठेवताना कुणीतरी म्हणतंच,
"मास्तर, तुम्हीनच सांगं व्हतं ना?"
परवा सुकलालनं बांधावर फीत टाकली,
दिल्लीचा हुकूम आहे म्हणे, ईतभरही सोडायचं नाही.
उखर्डूकडेही तोच हुकूम.
साक्षीला दोघांनी माझंच नाव दिलंय.

काल समन्स आलं, कोर्टाच्या मराठीत.
बायकोला सांगताना
पुन्हा अहिराणी करत बसलो.