उघडा भाव

कोटेशनच्या खालच्या ओळीत
रक्कम तेवढी कोरी ठेवून
मी दोनदा चहा केला.

काम झालंय कधीच. मगदूमांच्या गुळाचं खोकं,
एक किलोचं, त्यावर 'म'ची गाठ
उसाच्या पेरासारखी फुगवलेली.
एकेचाळीस 'म' टाकले तेव्हा हा बेचाळिसावा.
आता त्या एकेचाळिसांचे कुणाकडून घ्यायचे?

आण्णाप्पा मगदूम फोनवर म्हणाले होते,
"एकच तर अक्षर हाय न्हवं.
आमचा बारका मोबाईलवर करतोय असलं."
मग, जरा थांबून,
"पर त्येला ह्ये असं जमत न्हाई."
हे दुसरं वाक्य मी जपून ठेवलंय.
तासाच्या हिशेबात कुठं बसवायचं, कळत नाही.

बाबा गुळाच्या यार्डात तोलाईदार होते.
सौदा व्हायचा रुमालाखाली:
अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात,
बोटं बोटांना दाबायची
आणि वर दोघं पाहुण्यारावळ्यांचं बोलायचे.
डबा घेऊन गेलेली मी
रुमालाची हालचाल बघत उभी.
भाव काय निघाला विचारलं की बाबा म्हणायचे,
काटा थरथरतोय तोवर आकडा वाचू नये.
बस्स. एवढंच शिकवलं.

शुक्रवारी गेले. खोकं ठेवलं गादीवर.
मगदूमांनी ते उलटं करून तळ ठोठावला,
रवा ठोठावतात तसा.
खांद्यावरचा टॉवेल सवयीनं पुढं घेतला,
माझ्याकडं बघितलं,
आणि परत खांद्यावर टाकला.

मग मला तोंडानंच सांगावं लागलं.
"अठरा हजार."
हमालांच्या, टेम्पोंच्या एवढ्या गलक्यात
तो आकडा उघडाच उभा राहिला.
मी लगेच त्याच्या अंगावर काहीतरी घालणार होते:
दोन बदल फुकट,
पैसे दोन टप्प्यांत चालतील,
बाबांच्या ओळखीचे म्हणून...
जीभ दाताखाली धरली.

मगदूम काही बोलले नाहीत.
रव्याचा खडा फोडला,
माझ्या तळहातावर ठेवला.
"खावा."

खाल्ला म्हणजे सौदा झाला?
की हा नुसता गूळ?
की अठराचे बारा करायच्या आधीचा गोडवा?
मूठ मिटून बसले. खडा पाघळत
बोटांच्या बेचक्यात उतरला,
ज्या बोटांनी तो 'म' वळवला होता तिथंच.

समोरच्या गाळ्यात कुणाचा तरी रवा
काट्यावर चढला.
मी तिकडं बघत राहिले.