चित्र चार सात दोन

हडर्सफील्डभरचे पियानो सुरात लावतात हेस्केथ.
दिसत नाही त्यांना.
आज माझ्या बेकरीची वेबसाइट ऐकवली त्यांनी मला,
त्यांच्या फोनच्या भरधाव आवाजात:
बटण. बटण. चित्र चार सात दोन. बटण.

"यातला पाव कुठला?"

तीन वर्षं हेच दुकान मिरवत होते मी.

रात्री भट्टी निवल्यावर बसले लिहायला,
एकेका चित्रामागे एक ओळ.
जवाचा पाव: काळसर, वर पीठ भुरभुरलेलं,
मधोमध चीर, डाव्या कडेला जरा करपलेला.

करपलेला?
फोटो तर रोज बघत होते.

खोडलं नाही.
बटणालाही नाव दिलं: टोपलीत घाला.

सकाळी सहाला पहिली ऑर्डर, हेस्केथ,
जवाचा एक.
खाली शेरा:
करपलेलाच द्या.