एकास बारा

टोलेडोच्या त्या रस्त्यावर इर्मा हॉल्वर्सन
तीस वर्षं टेप घेऊन हिंडली.
पोस्टाला एक कायदा, बेकरीला दुसरा,
उघड्या दारात बत्तीस इंच मोकळे हवेत,
इंचभर चढायला बारा इंच उतार,
सगळं पाढ्यासारखं पाठ.

“आमची इमारत जुनी आहे हो,”
बेकरीवाला म्हणे.
“जुन्याला सवलत असते, माफी नसते,”
असं म्हणत ती उंबरठा मोजायची.

चर्चपाशी मात्र टेप खिशातच.
देवाच्या दारी सगळे सारखे,
पायऱ्या ज्याच्या त्याने चढाव्यात.
कोपऱ्यावरच्या घरात बिऱ्हाडं तीन;
नियम चौथ्यापासून.
“म्हणजे चौथं येईपर्यंत
कुणी पाय मोडून घ्यायचा नाही,”
ती हसायची.

मार्चमध्ये उजवं अंग गेलं.
चाकांच्या खुर्चीतून घरी आली
तर दाराशी दोन पायऱ्या.
स्वतःच्या राहत्या घराला
यातला एकही कायदा लागत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.
तीस वर्षं रोज चढली,
कधी मोजल्या नव्हत्या.

शेजारचा टायरेल, वय चौदा,
गॅरेजमधून फळी ओढत आला.
तिने डाव्या हाताने टेप मागितला.
टोक त्याने धरलं.
उंची चौदा इंच. फळी सात फूट.
एकास सहा.

“नाही बसत,” शब्द जड पडत होते,
“पोस्टात नाही, बेकरीत नाही,
कशातच नाही.”

टायरेल फळी उचलायला वाकला.

तिने ब्रेक सोडला.
“राहू दे. मागून धर.
आणि घाई करू नकोस.”