माया

दोघींचं हत्यार एकच :
दीडशे सेंटीमीटरची पिवळी टेप.
वीस वर्षं ती गळ्यात घालून
मी आचऱ्याच्या बायकांची मापं वहीत उतरवली.
आता नाझनीन मुजावर तीच टेप
माझ्या मांडीला गुंडाळते,
गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर,
बॉलपेनच्या खुणेवर.
डावी बेचाळीस.
उजवी साडेछत्तीस.
एका गिऱ्हाइकात एवढा फरक मी कधी पाहिला नव्हता.

"हाड जुळला गो," ती म्हणते,
"मांस रुसलाहा. चार म्हयने खाटेर होतंस मां."

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी.
दाब. दहा मोज. सोड.
दोन दिवस आकडेच तेवढे हलले.
तिसऱ्या दिवशी आत कुठेतरी
टोपलीतल्या शेवटच्या मासळीसारखं
काहीतरी फडफडलं,
एकदाच.

गाडी मेव्हण्याची. कणकवलीच्या अलीकडे वळणावर
चिऱ्यांचा ट्रक.
माझ्या मांडीवर मुणगेकरांच्या रेवतीचा ब्लाउज,
हुकांची हातशिलाई बाकी.
आवाज आठवत नाही.
आठवतो हा उजवा पाय,
माझ्या बाजूला नसलेल्या ब्रेकवर गच्च दाबलेला.
ज्यानं दाबला, तोच मोडला.
अजून दाबते मी. रिक्षात बसले तरी.

नाझनीनला सांगितलं. हसली नाही.
"दाबतंस मां? मगे ताच कर. मशिनीर."

पायाला बांधायची वजनं बाराशे रुपयांची.
मी जुन्या जीनची पिशवी शिवली, दुहेरी टीप मारून,
सासऱ्यांनी भरतीरेषेच्या वरची कोरडी वाळू भरली.
पाव किलो. मग अर्धा.
पाय उचलला की वाळू सरकते
आणि घोट्याशी जाऊन बसते,
पिटातल्या म्हशीसारखी, उठायचं नाव नाही.

आठव्या आठवड्यात सदतीस.
घरातले म्हणाले, अर्धाच?
काय सांगू त्यांना,
जेवल्यावर श्वास घेऊ देणारा ब्लाउज
आणि न देणारा,
यांच्यात तेवढंच असतं.

बाजूच्या शिवणीत मी दोन बोटं कापड आत सोडते.
पुढेमागे अंग भरलं तर उसवायला.
आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात.
रात्री दिवा मालवल्यावर
मी उजवी मांडी चाचपत बसते,
कुणी सोडली असेल का इथं,
निदान एक बोट.

पहिल्या दिवशी पायडल दाबलं तर
चाक उलटं फिरलं, दोरा तुटला.
दुसऱ्या दिवशीही तुटला.
तिसऱ्या दिवशी पावसाळी छत्रीच्या कापडावर
वीतभर टीप आली, वाकडी.
उसवली नाही. तशीच खिळ्याला लावली.

रेवतीचं लग्न दुसऱ्याच ब्लाउजवर उरकलं.
हा माझ्याकडे राहिला, मोतिया रंगाचा,
डाग चार पाण्यांत निघाले.
परवा ती आली. पाचवा महिना.
म्हणाली, आता बसात काय गो ह्यो?

मी टेप गळ्यातून काढली.
म्हटलं, सरळ उभी ऱ्हव.
आणि टेबलाची कड धरून
मीही राहिले.