आठातले तीन

कोपऱ्यात हिरवा आकडा : चौदा.
म्हणजे सेकंदाला चौदा चित्रं,
आणि विमान सोनेगावच्या धावपट्टीकडे येतंय
गुडघे दुखणारं माणूस जिना उतरतं तसं,
एक पायरी, थांबणं, एक पायरी.

नोकरीत मी ढग मोजत होते.
आभाळाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे,
त्यातले किती झाकलेत ते लिहायचं,
दर अर्ध्या तासाला, एकतीस वर्षं.
सकाळी फुगा सोडायचा, दुर्बिणीतून त्याच्यामागे जायचं
तो ढगात शिरेपर्यंत.
स्वतः विमानात एकदाच बसले. दिल्लीला, प्रशिक्षणासाठी.
जागा मधली होती.
खिडकीतल्या माणसाने पडदी ओढली आणि झोपला.

आता हे. भाच्याने टाकून दिलेला संगणक,
त्याच्याहून जुनं कार्ड, मे महिना, खोलीत एक्केचाळीस.
सीताबर्डीहून जुनेद आला स्कूटरवर,
कपाट उघडावं तसं झाकण उघडलं, ब्रशने धूळ काढली.
आतून कूलरच्या वाळ्याचे तुकडे निघाले, एक मुंगळा.
वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली,
पानाला चुना लावतात तेवढीच.
म्हणाला, "काकू, मशीन नाही तापत. नागपूर तापते."
पैसे मोजताना सांगून गेला :
सगळं थोडं थोडं कमी करून पाहा.

सावल्या आधी गेल्या.
मग पाण्यातली प्रतिबिंबं. अंबाझरी डावीकडून सरकला
पत्र्याच्या तुकड्यासारखा. सतरा.
वर्धा रोडवरच्या गाड्या बंद. अठरा.
झाडं दाटवरून विरळवर,
सेमिनरी हिल्सचं डोकं भादरल्यासारखं. एकोणीस, कधी वीस.
इमारतींची पट्टी शेवटपर्यंत ओढली
आणि खामला नाहीसा झाला :
आमची गल्ली, सोनकुसरेंची गिरणी, ती पाण्याची टाकी
जिच्यावरून मी दृश्यता ठरवायचे.
टाकी दिसली तर दोन किलोमीटर. नाही तर नाही.
तेवीस.

ढगांना हात लावला नव्हता.

निषाद फोनवर हसला. मावशी, सगळा भार ढगांचाच असतो.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
एकतीस वर्षं मी त्यांना आकडा दिला, उंची दिली, जात दिली;
वजनासाठी रजिस्टरात रकानाच नव्हता.

पुसले. आठातले शून्य.
हिरवा आकडा एकदम एक्केचाळीसवर, खोलीइतकाच.
विमान तेल घातलेल्या बिजागरीसारखं वळलं,
टेकलं, धावलं, थांबलं,
मला कळलंसुद्धा नाही.
स्वच्छ आभाळ मी हजारदा लिहिलंय.
लिहायला सोपं असतं.
त्यात फुगा फार वेळ दिसत राहतो
आणि मान दुखते.

हल्ली साडेतीनचा गजर लावते.
रात्रभर खिडक्या उघड्या, कूलर बंद,
ओल कार्डाला सोसत नाही म्हणतात.
पहाटे खोली एकतीसवर येते, पंख्याचा घरघराट उतरतो,
आणि तेवढ्या उसंतीत थोडे ढग मावतात.
एक भाग ठेवून पाहिला. मग दुसरा.
तिसऱ्याला चित्र किंचित अडखळलं,
चाललं.
चौथ्याला नाही.
झाडं नकोत, गाड्या नकोत, सावल्यांचं तर नावच नको.
टाकी हवी होती. पण ती इमारतींबरोबरच येते,
एकटी येत नाही. राहू दे.

जुन्या एका रजिस्टरची शेवटची पानं कोरी होती.

वेळ ०४१०. खोली एकतीस. वारा शांत.
ढग आठातले तीन.
चित्रं सव्वीस.
दृश्यता : टाकी नसल्यामुळे
नोंदवली नाही.