रससंकोच

शास्त्राच्या बाईंची बदली झाली,
नव्या बाई अजून कागदावरच.
तेव्हा नववी ब माझ्याकडे आली.
मी म्हणजे वासुदेव मेस्त्री, प्रयोगशाळा परिचर,
एकतीस वर्षं तळाशिलच्या या शाळेत
काचपट्ट्या धुणारा.

सूक्ष्मदर्शक एक, मुलं बेचाळीस.
मिठाची बरणी आहे,
पण मिठानं हवा पिऊन कधीच पाणी केलंय.

लाल कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरला.
पहिला डोळा लावला हर्षला खोब्रेकरनं.
"काकानू, ह्यो तर गडगो!"

गडगाच तो.
माझा बाप चिरेखाणीवर होता.
चिऱ्याला चिरा कसा खेटतो ते मी वहीआधी शिकलो.
पण बाप बाहेर उभा राहून बांधायचा.
ही पेशी आत बसून, स्वतःभोवती,
स्वतःच्याच अंगातून भिंत काढते.
आणि शेजारणीशी बोलायला
भिंतीत बारीक वाटाही ठेवते.
हिरवे दाणे यात शोधू नका, म्हटलं,
कांदा मातीखाली वाढलाय, त्याला उन्हाचं काय काम.
घरभर जांभळं पाणी भरलेलं, ती रिक्तिका.
केंद्रक बिचारं भिंतीशी अंग चोरून.

मग तिच्याच गालाची पेशी घेतली,
काडीनं, आतून, हलकेच.
निळ्या थेंबात ती दिसली
तव्यावर कडेनं दुमडलेल्या घावनासारखी.
मधे एक गडद ठिपका. भिंत नाही.
आणि वर, घावनावर मुंग्या याव्यात तसे
आणखी बारीक निळे कण.
"जीवाणू," मी म्हटलं.
तिनं ओठ पुसले. "मिया दात घासलंय!"

घासलेस गो. तरी ते राहतात.
त्यांच्याकडे माजघर नाही, देवघर नाही.
आयुष्याचा सगळा धागा
खोपीच्या कोपऱ्यात टाकलेल्या पागासारखा
उघड्यावर पडलेला.
पण भिंत मात्र त्यांनाही असते,
वेगळ्या मालाची.

ती थांबली.
"कांद्याक भिंत, जंतूक भिंत.
माका कित्याक नाय?"

पुस्तकात हा प्रश्न नाही.
मी खिडकीबाहेर बघितलं.
रापण ओढत होते, पंधरा-वीस पाठी एकदम वाकत होत्या.
म्हटलं, तुला भिंत असती
तर ती रशी ओढताना कोण वाकलं असतं?
तिला पटलं की नाही, ठाऊक नाही.
मलाही अर्धंच पटलं.

मीठ नव्हतं, म्हणून रुझारला पाठवलं.
पन्नास पावलांवर समुद्र.
तो बाटलीत घेऊन आला, तळाशी वाळूसकट.
काचेच्या एका कडेला थेंब सोडला,
दुसऱ्या कडेला टिपकागद.
जांभळं हललं.
कोपऱ्यांतून सुटलं आणि आत, आणखी आत सरकत गेलं.
गडगा तसाच उभा, एक चिरा ढळला नाही.
मधे मुठीएवढं आक्रसलेलं काहीतरी.
फळ्यावर मी लिहिलं: रससंकोच.

वर्गात कोणी बोललं नाही.
मग हर्षला, हळू: "ह्यां परत भरतला?"

नळाचं पाणी घातलं. वाट बघितली.
काही भरल्या, पार भिंतीला टेकेपर्यंत.
काही अर्ध्यावर थांबल्या.
काही हलल्याच नाहीत.
"किती वेळ खाऱ्यात होत्या, त्यावर असतं," मी म्हटलं.
"आमच्या बावीत आता ह्याच पाणी आसा," ती म्हणाली.
खारबंधारा फुटल्याला दोन वर्षं झाली.
तिच्या दारचे तीन माड मी रोज बघतो,
खोडं सरळ उभी आहेत.

घंटा झाली. मुलं गेली.
काचपट्ट्या धुवायला घेतल्या.
कांद्याची तेवढी बाजूला ठेवली, उगाच.
मग नळाखाली ओंजळ धरली
आणि पाणी जिभेवर टेकवलं,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.